विम्याची सक्ती, स्वातंत्र्य आणि राज्यांची हद्द: अमेरिकेतल्या २०१२ च्या निकालाचा प्रकरण अभ्यास

२०१० साली अमेरिकेत आरोग्य विम्याच्या कायद्यावरून रान पेटलं, तेव्हा विरोधकांच्या तोंडी एक प्रश्न सतत होता: मी काय विकत घ्यायचं हे आता सरकार ठरवणार का? प्रश्न रास्त होता. ज्या देशाची राज्यघटना केंद्र सरकारला मोजूनमापून अधिकार देते, तिथे तो विचारला जाणं साहजिकही होतं. पण हा प्रश्न कोर्टाची पायरी चढला, दोन वर्षं वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे फिरला आणि उत्तर घेऊन बाहेर आला, तेव्हा त्या उत्तरात नागरिक फारसा उरलाच नव्हता. उरली होती ती केंद्र आणि राज्यं यांच्यातली हद्द. ही अदलाबदल कशी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे या प्रकरणात स्पष्ट दिसतं.

कायद्याने काय मागितलं होतं

बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी 'पेशंट प्रोटेक्शन अँड अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'वर सही केली. दोन दिवस आधी प्रतिनिधी सभागृहात तो २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाला होता. रिपब्लिकन पक्षाचं एकही मत बाजूने पडलं नव्हतं. त्या वेळी सुमारे ५ कोटी अमेरिकनांकडे आरोग्य विमा नव्हता. पासष्टीपुढच्यांना मेडिकेअर हा सरकारी विमा होता, गरिबांतल्या काही गटांना मेडिकेड होतं, बहुतेक नोकरदारांना मालकाकडून विमा मिळत होता. अडकलेला होता तो या तिन्हींत न बसणारा माणूस. तो स्वतःहून विमा घ्यायला गेला की कंपनी त्याचा आजारांचा इतिहास काढायची. मधुमेह, जुना कर्करोग, हृदयाचं दुखणं असं काही निघालं की एक तर अर्ज नामंजूर व्हायचा किंवा हप्ता आवाक्याबाहेर जायचा.

कायद्याने हे बंद केलं. अर्ज करणाऱ्याला विमा नाकारायचा नाही आणि आधीच्या आजारासाठी जास्त हप्ता लावायचा नाही, असं कंपन्यांना बजावलं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण आजारी पडल्यावरही विमा मिळणारच असेल तर धडधाकट माणूस आधीपासून हप्ते कशाला भरेल? मग विमा घेणाऱ्यांत आजारी लोकांचं प्रमाण वाढतं, हप्ते चढतात, चढलेल्या हप्त्यांना कंटाळून आणखी निरोगी लोक बाहेर पडतात आणि हप्ते पुन्हा चढतात. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या दशकात अशी बंधनं सक्तीविना घालून पाहिली होती. तिथे वैयक्तिक विम्याचा बाजार आक्रसत गेला आणि हप्ते देशातल्या सर्वात महागड्यांत जाऊन बसले.

म्हणून सक्ती आली. २०१४ पासून जवळजवळ प्रत्येकाकडे किमान विमा असावा, नसेल तर प्राप्तिकराच्या विवरणपत्रासोबत दंड भरावा. पहिल्या वर्षी ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा १ टक्का, यापैकी जास्त असेल ते. २०१६ पर्यंत ही रक्कम ६९५ डॉलर किंवा अडीच टक्के इतकी वाढणार होती. विवरणपत्र भरण्याइतकंही उत्पन्न नसलेले, धर्मश्रद्धेमुळे विमा न घेणारे ठरावीक पंथ, मूलनिवासी जमातींचे सदस्य आणि तुरुंगातले कैदी यांना सूट होती. दंड थकवला तरी फौजदारी गुन्हा नव्हता आणि मालमत्तेवर टाच आणायलाही कायद्यानेच मनाई केली होती. या दंडाबद्दल पुढे जे बोललं गेलं ते ऐकताना त्याचे दात किती बोथट होते हे विसरायला होतं.

सक्तीमागे आणखी एक कारण होतं, आणि सरकारी बाजूचा खरा आधार तोच होता. १९८६ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार आणीबाणीत दारात आलेल्या रुग्णाला इस्पितळाने तपासून त्याची प्रकृती स्थिर करायलाच हवी, मग त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत. विमा नसलेल्यांच्या न फिटलेल्या बिलांचा बोजा शेवटी इतरांवर पडतो. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यातच नोंदवलं होतं की २००८ साली हा बोजा ४३ अब्ज डॉलरचा होता आणि त्यापायी विमाधारक कुटुंबाचा वार्षिक हप्ता सरासरी १,००० डॉलरहून अधिक वाढत होता.

ही कल्पना मूळची डेमोक्रॅटिक पक्षाची नव्हती. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेने १९८९ मध्ये ती मांडली होती. 'फुकट उपचार घेऊन बिल शेजाऱ्यावर ढकलू नका' असा तिचा सूर होता. १९९३ मध्ये सिनेटमधल्या काही रिपब्लिकन सदस्यांच्या विधेयकातही ती होती. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती आपल्या राज्यात कायद्याने आणली. उलट २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत ओबामा सक्तीच्या विरोधात होते आणि हिलरी क्लिंटन बाजूने. पक्षांनी जागा बदलल्या म्हणून कोणाचा युक्तिवाद आपोआप खोटा ठरत नाही. मात्र सक्ती ही स्वातंत्र्याची जन्मजात वैरी आहे, असं १९८९ मध्ये कोणाला वाटत नव्हतं आणि २०१० मध्ये लाखोंना वाटू लागलं, हे लक्षात ठेवायला हवं.

स्वातंत्र्याचा दावा पहिल्याच फेरीत बाद

कायद्यावर सही झाली त्याच दिवशी फ्लोरिडाच्या पुढाकाराने १३ राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी दावा दाखल केला. राज्यांची संख्या पुढे २६ झाली. छोट्या व्यावसायिकांची संघटना, नॅशनल फेडरेशन ऑफ इंडिपेंडंट बिझनेस, आणि काही व्यक्तीही त्यात सामील झाल्या. दाव्यात अनेक मुद्दे होते. त्यातला एक थेट नागरी स्वातंत्र्याचा होता: नको असलेला विमा घ्यायला लावणं म्हणजे घटनेच्या पाचव्या दुरुस्तीने दिलेल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होय.

हा मुद्दा फार दूर गेला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथले केंद्रीय न्यायाधीश रॉजर व्हिन्सन यांनी तो प्राथमिक टप्प्यावरच फेटाळला. पुढे जानेवारी २०११ मध्ये ज्यांनी अख्खा कायदा रद्दबातल ठरवला, ते हेच व्हिन्सन. म्हणजे कायद्याला सर्वाधिक प्रतिकूल निकाल देणाऱ्या न्यायाधीशालाही 'विमा न घेण्याचा मूलभूत हक्क' कुठे सापडला नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी न्यायालयं आर्थिक नियमनाच्या बाबतीत असा हक्क मान्य करत नाहीत, हा प्रस्थापित पायंडा आहे.

मग उरलं काय? उरला हा प्रश्न की असा हुकूम काढण्याचा अधिकार केंद्राच्या काँग्रेसला आहे का. राज्यांना तो आहे, यावर फारसा वाद नव्हता. लोकांचं आरोग्य आणि सुरक्षितता राखण्याची सर्वसाधारण सत्ता राज्यांकडे असते, म्हणून मॅसॅच्युसेट्सची सक्ती बिनबोभाट चालू राहिली. माझ्या मते सार्वजनिक चर्चेची पहिली मोठी गफलत इथे झाली. सभांमध्ये लोक म्हणत होते, 'कुठल्याही सरकारने मला हे सांगू नये.' कोर्टात त्यांचे वकील म्हणत होते, 'हे सरकार नको, ते सरकार सांगू शकेल.' ज्या माणसाला सक्तीच नको होती, त्याच्या वतीने लढला गेलेला खटला पूर्ण जिंकला असता तरी उद्या त्याचंच राज्य त्याला तोच हुकूम देऊ शकलं असतं. पुढे न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंड यांनी तसं केलंही.

खालच्या न्यायालयांत निकाल दोन्हीकडे गेले. रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेल्या जेफ्री सटन आणि लॉरेन्स सिल्बरमन या दोन नामवंत न्यायाधीशांनी आपापल्या अपील न्यायालयांत कायद्याच्या बाजूने कौल दिला. अकराव्या सर्किटच्या (न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने मात्र सक्ती रद्द करून बाकीचा कायदा ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

तीन दिवस, सहा तास

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एरवी एका प्रकरणाला तासाभराची वेळ मिळते. इथे २६ ते २८ मार्च २०१२ असे तीन दिवस सुमारे सहा तास युक्तिवाद झाला. सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल डोनाल्ड व्हेरिली, राज्यांतर्फे पॉल क्लेमेंट.

पहिल्या दिवसाचा विषय रुक्ष वाटेल असा, पण निर्णायक होता. १८६७ च्या एका कायद्यानुसार कर भरण्याआधी त्याच्या वसुलीविरुद्ध कोर्टात जाता येत नाही. मग विम्याचा हा दंड 'कर' आहे का? असेल तर २०१४ नंतर पहिला दंड भरला जाईपर्यंत खटलाच चालू शकत नाही. व्हेरिली म्हणाले, या कायद्यापुरता तो कर नाही. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी लगेच बोट ठेवलं: आज तुम्ही म्हणताय हा कर नाही, उद्या परत येऊन म्हणणार की हा कर आहे. व्हेरिलींची अडचण खरी होती. सप्टेंबर २००९ मध्ये खुद्द ओबामांनी दूरचित्रवाणीवर ठासून सांगितलं होतं की ही करवाढ नव्हे.

दुसरा दिवस सक्तीचा. घटनेनुसार काँग्रेसला राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करता येतं. हे व्यापाराचं कलम किती ताणता येतं याचं सर्वात गाजलेलं उदाहरण १९४२ चं. ओहायोच्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त क्षेत्रात गहू पेरला. जास्तीचा गहू आपल्याच शेतावर आणि जनावरांसाठी वापरला तरी देशभरच्या गव्हाच्या बाजारावर अशा अनेकांचा मिळून परिणाम होतो, म्हणून त्याला दंड करणं वैध ठरलं. इतकी लांब दोरी असताना विमा त्यात का बसू नये?

विरोधकांचं उत्तर नेमकं होतं. फिलबर्नने गहू पेरला होता. त्याने काहीतरी केलं होतं. विमा न घेणारा माणूस काहीच करत नाही. काही न करणाऱ्याला बाजारात ओढून आणणं हे नियमन कसं? याच वेळी न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी तो प्रसिद्ध प्रश्न टाकला: अन्न तर सगळ्यांनाच लागतं, मग सरकार लोकांना ब्रोकोली विकत घ्यायला लावू शकतं का? या प्रश्नाची नंतर खूप टर उडवली गेली, पण मला तो आजही गंभीर वाटतो. सत्तेचा एक नवा वापर मान्य करायचा असेल तर त्याची हद्द कुठे, हे विचारणं न्यायालयाचं कामच आहे. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनीही तेच विचारलं: व्यक्ती आणि केंद्र सरकार यांचं नातं तुम्ही मुळातून बदलत असाल, तर त्याचं जड ओझं तुमच्यावर नाही का? व्हेरिलींकडे उत्तर होतं, आरोग्यसेवेचा बाजार इतरांपेक्षा वेगळा आहे. पण हद्द आखून देणारं एक ठोस वाक्य त्यांना त्या दिवशी देता आलं नाही.

त्या सकाळची आणखी एक देवघेव मला ब्रोकोलीपेक्षा महत्त्वाची वाटते. व्हेरिली सांगत होते की विमा नसलेल्यांनाही उपचार देण्याचं बंधन समाजाने स्वतःवर घालून घेतलं आहे, त्यातून हा खर्च येतो. त्यावर स्कालिया म्हणाले, मग ते बंधन घालून घेऊ नका. वादाचा सगळा गाभा या एका वाक्यात आहे. सक्ती अन्यायकारक वाटत असेल तर तर्काने दुसरं टोक एकच उरतं: अपघात होऊन दारात आलेल्या, विमा नसलेल्या माणसाला इस्पितळाने परत पाठवायचं. हे उघडपणे म्हणायला कोणताही पक्ष तयार नव्हता. सक्तीही नको आणि परत पाठवणंही नको, तर बिल कोण भरणार, हा प्रश्न तिथेच राहिला.

निकाल: एका सकाळी तीन उत्तरं

२८ जून २०१२ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकाल वाचायला सुरुवात केली. आधी व्यापाराच्या कलमाचा भाग आला: काँग्रेसला व्यापाराचं नियमन करता येतं, व्यापार करायला भाग पाडता येत नाही. एवढं ऐकून सीएनएन आणि फॉक्स न्यूज या दोन्ही वाहिन्यांनी सक्ती रद्द झाल्याची बातमी देऊन टाकली. पुढची पानं उलटल्यावर ती मागे घ्यावी लागली.

पुढच्या पानांत रॉबर्ट्स यांनी वेगळी वाट धरली होती. हुकूम म्हणून सक्ती अवैध आहे, पण त्या कलमाचा परिणाम पाहिला तर तो कराचाच आहे. रक्कम विम्याच्या हप्त्यापेक्षा बहुधा कमीच. वसुली महसूल खात्याकडे. गुन्ह्याचा शिक्का नाही. आणि दरवर्षी सुमारे ४० लाख लोक विमा न घेता पैसे भरतील असा अंदाज असताना एवढ्या लोकांना गुन्हेगार करणं काँग्रेसच्या मनात असणं शक्य नाही. कायदा वाचवता येईल असा वाजवी अर्थ निघत असेल तर तो घ्यावा, हे जुनं तत्त्व. त्यानुसार सक्ती ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली. गिन्सबर्ग, ब्रेयर, सोटोमायोर आणि केगन हे चार न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्यासोबत होते. १८६७ च्या कायद्यापुरता मात्र तोच दंड कर नव्हता, कारण तिथे काँग्रेसने स्वतः कोणता शब्द वापरला हे महत्त्वाचं होतं.

अनेकांनी याला कसरत म्हटलं. मला या भागात खरा अर्थ दिसतो. 'विमा घे' असा हुकूम आणि 'घेतला नाहीस तर जास्त कर भर' ही अट यांत नागरिकाच्या दृष्टीने फरक आहे. दुसऱ्यात पैसे भरून नकार देण्याची कायदेशीर मुभा आहे; नकार देणारा कायदा मोडणारा ठरत नाही. गिन्सबर्ग यांना व्यापाराच्या कलमाचा भाग मान्य नव्हता. विमा नसलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वर्षभरात डॉक्टरकडे किंवा आणीबाणी विभागात जातातच, मग ते 'बाजारात नाहीत' कसे, असं त्यांचं म्हणणं होतं. वस्तुस्थिती म्हणून गिन्सबर्ग बरोबर होत्या. सत्तेच्या सीमेबद्दल रॉबर्ट्स यांची सावधगिरीही मला समजते.

पण तिसरं उत्तर अजून बाकी होतं आणि त्या दिवशी त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

मेडिकेडचा भाग

मेडिकेड ही १९६५ पासूनची, केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात ती योजना. मूल असलेली गरीब कुटुंबं, गरोदर स्त्रिया, अपंग, वृद्ध अशा ठरावीक गटांसाठी ती होती. मूलबाळ नसलेला, धडधाकट पण कंगाल प्रौढ बहुतेक राज्यांत तिच्याबाहेर होता. नव्या कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या प्रौढांना तिच्यात आणलं. खर्च पहिली तीन वर्षं १०० टक्के केंद्राचा, मग टप्प्याटप्प्याने उतरत २०२० पासून ९० टक्के. जे राज्य हे करणार नाही, त्याचा मेडिकेडचा जुना निधीही थांबवण्याची मुभा केंद्राच्या आरोग्यमंत्र्याला होती.

इथे सात न्यायमूर्ती एका बाजूला आले. मेडिकेडचा खर्च सरासरी राज्याच्या एकूण खर्चाच्या २० टक्क्यांहून अधिक, त्यातला ५० ते ८३ टक्के वाटा केंद्राचा. तो सगळा काढून घेण्याची धमकी म्हणजे राज्याच्या डोक्याला लावलेली बंदूक आहे, असं रॉबर्ट्स यांनी लिहिलं. १९८७ च्या निकालात महामार्ग निधीचे ५ टक्के रोखणं वैध ठरलं होतं. तो दाब सौम्य होता, हा नव्हे. म्हणून मेडिकेडचा हा विस्तार नाकारणाऱ्या राज्याचा जुना निधी तोडता येणार नाही असं ठरलं. विस्तार ऐच्छिक झाला.

राज्यांची स्वायत्तता हे मूल्य मी कमी लेखत नाही. केंद्राने पैशाच्या जोरावर राज्यांना वाकवू नये, हे तत्त्व अनेक प्रसंगी नागरिकाचं रक्षण करतं. पण इथे त्याचा परिणाम ज्यांच्यावर झाला, त्यांच्या वतीने कोर्टात कोणीच उभं नव्हतं. विमा विकत घेण्यासाठीचं अनुदान कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांपासून ४०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दिलं होतं. १०० टक्क्यांच्या खाली ते नाही, कारण ते लोक मेडिकेडमध्येच असणार असं कायदा लिहिताना गृहीत धरलेलं. राज्याने विस्तार नाकारला की त्यांना मेडिकेड नाही आणि अनुदानही नाही. टेक्सससारख्या राज्यात मूल नसलेल्या धडधाकट प्रौढाला उत्पन्न शून्य असलं तरी मेडिकेड मिळत नाही. दारिद्र्यरेषेच्या थोडं वर कमावणाऱ्याला अनुदानित विमा आणि थोडं खाली कमावणाऱ्याला काहीच नाही, अशी उफराटी रचना त्या निकालातून तयार झाली. दहा राज्यांनी अजून विस्तार केलेला नाही; विस्कॉन्सिनने स्वतःच्या नियमांनी ही फट बुजवली आहे, बाकी नऊ राज्यांत मिळून सुमारे १४ लाख लोक तिच्यात असल्याचा कैसर फॅमिली फाउंडेशनचा अंदाज आहे.

सक्तीचं पुढे काय झालं

ज्या सक्तीवरून एवढं रणकंदन झालं, तिची कहाणी छोटी आहे. २०१४ सालासाठी सुमारे ८० लाख करदात्यांनी दंड भरला, म्हणजे रॉबर्ट्स यांनी धरलेल्या आकड्याच्या दुप्पट. विरोधकांच्या काही तक्रारी वास्तवात उतरल्याही. २०१३ च्या अखेरीस नव्या निकषांत न बसणाऱ्या लाखो पॉलिसी रद्द झाल्याच्या नोटिसा लोकांच्या हाती पडल्या, तेव्हा 'तुमची योजना आवडत असेल तर ती तुम्ही ठेवू शकता' हे ओबामांचं आश्वासन फोल ठरलं. स्वतःच्या पसंतीची पॉलिसी गमावलेल्यांचा राग खोटा नव्हता आणि कायद्याच्या समर्थकांनी तो फार हलक्यात घेतला.

डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून दंड शून्य केला. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने अंदाज केला होता की यामुळे २०२७ पर्यंत १ कोटी ३० लाख लोक विम्याबाहेर जातील. बाजार कोसळेल असंही अनेकांना वाटत होतं. तसं झालं नाही. २०१८ साठी सरकारी विमा बाजारात सुमारे १ कोटी १८ लाख लोकांनी नोंदणी केली होती, २०१९ साठी १ कोटी १४ लाखांनी. लोकांना धरून ठेवलं ते मुख्यतः अनुदानाने. दंडाचा वाटा समजला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला. दंड शून्य झाला म्हणजे तो कर राहिला नाही आणि म्हणून अख्खा कायदाच घटनाबाह्य, असा नवा दावा टेक्ससने लढवला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ मतांनी परतवला: शून्य डॉलरच्या दंडाने कोणाचंही नुकसान होत नाही, तेव्हा दावा करायला इजाच नाही.

म्हणजे ज्या कलमाला स्वातंत्र्यावरचा घाला म्हटलं गेलं, ते आज केंद्रीय पातळीवर निव्वळ कागदावर आहे. मेडिकेडचा भाग मात्र रोजच्या रोज लोकांच्या आयुष्यात उतरतो.

राज्य म्हणजे कोण

राज्यांना दिलेली निवड प्रत्यक्षात कोणी करायची, यावर पुढची दहा वर्षं झगडा चालला. मेन राज्यात २०१७ साली मतदारांनी थेट सार्वमताने विस्तार मंजूर केला. गव्हर्नर पॉल लपाज यांनी तो अमलात आणायला नकार दिला. नव्या गव्हर्नर जेनेट मिल्स आल्यावर जानेवारी २०१९ मध्ये तो सुरू झाला. मिसूरीत ऑगस्ट २०२० मध्ये मतदारांनी विस्तार राज्यघटनेतच घातला, तरी विधिमंडळाने पैसे दिले नाहीत, आणि जुलै २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला तो मार्गी लावावा लागला. आयडाहो, नेब्रास्का, युटा, ओक्लाहोमा आणि साउथ डकोटा या रिपब्लिकन प्रभावाच्या राज्यांतही तो मतपेटीतूनच आला. मिसिसिपीत अशीच मोहीम उभी राहत होती. मे २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जनतेच्या पुढाकाराने प्रस्ताव आणण्याची प्रक्रियाच चालू शकत नाही असा निकाल दिला आणि मोहीम थांबली. टेक्सस, जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी इथल्या मतदारांकडे असा मार्ग मुळात नाही.

२०१२ च्या निकालात 'राज्य' हा शब्द एका व्यक्तीसारखा वापरला आहे: त्याला दाब जाणवतो, त्याला निवड हवी असते. मेन आणि मिसूरीत राज्य म्हणजे मतदार की गव्हर्नर की विधिमंडळ, हे वेगळं करून पाहावं लागलं. राज्याचं स्वातंत्र्य वाढलं की तिथल्या नागरिकाचं वाढतंच, हे गृहीतक या दोन राज्यांच्या अनुभवापुढे टिकत नाही.

आता सत्तेचा रोख पुन्हा व्यक्तीकडे वळला आहे. २०१८ मध्ये आर्कान्सा राज्याने केंद्राच्या परवानगीने मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास कामाची अट लावली. कामाची नोंद सुरुवातीला फक्त ऑनलाइन करता येत होती आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद असायचं. काही महिन्यांत सुमारे १८,००० लोकांचं मेडिकेड गेलं. त्यात प्रत्यक्ष काम करणारे, पण नोंद न करू शकलेले लोकही होते. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी ती परवानगी रद्द केली. मेडिकेडचा हेतू उपचारांची सोय करणं हा आहे आणि मंत्र्यांनी या अटीने किती लोकांची सोय जाईल याचा विचारच केला नाही, असं त्यांनी म्हटलं.

४ जुलै २०२५ रोजी झालेल्या केंद्रीय कायद्याने तीच ८० तासांची अट विस्तारातून आलेल्या प्रौढांसाठी देशभर लागू केली आहे. अपवाद वगळता राज्यांनी ती १ जानेवारी २०२७ पर्यंत अमलात आणायची आहे. सरकारने नागरिकाला दर महिन्याला काय करायचं हे सांगावं आणि न केल्यास औषधोपचार काढून घ्यावेत, ही सत्ता ६९५ डॉलरच्या दंडापेक्षा कितीतरी अधिक आत शिरणारी आहे. २०१० मध्ये विमासक्तीविरुद्ध उठलेल्या आवाजांपैकी फार थोडे आज या अटीविरुद्ध ऐकू येतात. न्यायालयीन वाटही आता अरुंद आहे. बोसबर्ग यांनी मंत्र्याची परवानगी तपासली होती, कारण अट मंत्र्याच्या अखत्यारीत घातलेली होती. आता ती काँग्रेसनेच कायद्यात लिहिली आहे, त्यामुळे २०१९ चा आधार उपयोगी पडत नाही. आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा जो दावा २०१० मध्ये व्हिन्सन यांच्यापुढे टिकला नाही, तो इथेही टिकण्याची शक्यता फार थोडी आहे.